शुद्ध केलेले सांडपाणी ओढ्याला मिळते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : शुद्ध केलेले पाणी बागेत किंवा शेतात वापरले आणि त्यातले उरलेले वाहत जाऊन ओढ्याला मिळाले, तर ओढ्याच्या पाण्याचे काय होते? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्यातली अडचण शहरातील बहुतेक मोठ्या गृहसंस्थांची आहे.

प्रश्न : आमची पाचशे सदनिकांची गृहसंस्था आहे. आवारात स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असून ते पाणी आम्ही फ्लशसाठी व बागेसाठी वापरतो. बागेला देऊन उरलेले आणि हिरवळीवरून निथळलेले पाणी पावसाळी गटारातून मागच्या ओढ्याला जाते. गेल्या उन्हाळ्यात ओढ्यात हिरवे शेवाळ दाटले आणि मासे मेलेले आढळले. शेजारच्या वस्तीतील लोकांनी आमच्याकडे बोट दाखवले. आमच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मात्र दर महिन्याला मर्यादेत येतो आणि पाणी दिसायलाही नितळ आहे. दोष खरोखर आमचा आहे का?
— एका गृहसंस्थेचे सचिव, पुणे

उत्तर : अहवाल मर्यादेत असणे आणि त्याच पाण्याने ओढा बिघडणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपले पत्र वाचून आपल्याकडे तसेच घडले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी ही मर्यादा मुळात कशी ठरली ते पाहावे लागेल.

सांडपाण्याची घाण मोजण्याचे सर्वांत परिचित माप म्हणजे बीओडी, म्हणजेच पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खर्च करतील याचे मोजमाप. शुद्ध केलेल्या पाण्यात ते लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, हा दंडक ब्रिटनमधील सांडपाणीविषयक शाही आयोगाने १९१२ साली आपल्या आठव्या अहवालात मांडला आणि पुढे तो जगभर पसरला. आकडा पसरला, पण त्याला जोडलेली अट मागे राहिली. आयोगाचे म्हणणे असे होते की, एक भाग शुद्ध केलेले पाणी किमान आठ भाग स्वच्छ नदीच्या पाण्यात मिसळणार असेल, तरच २० चालेल. नदीच्या पाण्याची बीओडी २ धरली, तर मिश्रणाची ४ येते, आणि ४ च्या पुढे नदी बिघडल्याची लक्षणे दिसू लागतात असे आयोगाला आढळले होते. हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल : वीस अधिक सोळा म्हणजे छत्तीस, भागिले नऊ.

आपल्याकडे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी २० आणि बहुतेक इतर ठिकाणी ३० अशी मर्यादा घातली गेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये ती अपुरी ठरवून १० चा निकष लावण्यास सांगितले. आकडा कोणताही धरला, तरी त्यामागे गृहीत धरलेले आठ भाग स्वच्छ पाणी आपल्या ओढ्यात आहे का, हा प्रश्न उरतोच. पुण्यातील ओढे, तसेच रामनदी आणि देवनदी यांसारख्या छोट्या नद्या, पावसावर वाहणाऱ्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये आपले पाणी त्यांच्यात मिसळले तर ते कोठे गेले हेही कळणार नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र ओढ्याचे स्वतःचे पाणी जवळजवळ नसतेच, आणि त्या दिवसांत आपल्या गटारातून जे येते तोच ओढा असतो. म्हणून मला वर्षाच्या सरासरीपेक्षा मे महिन्यातील प्रमाण महत्त्वाचे वाटते. शुद्ध केलेले पाणी चांगले की वाईट, हे ते ज्या पाण्यात मिसळते त्याच्याशी त्याचे प्रमाण किती आहे, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मासे मरण्याचे कारण मात्र मी बीओडीपेक्षा अमोनियात शोधीन. मूत्रातील युरियापासून सांडपाण्यात अमोनिया तयार होतो. केंद्रातील काही जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, पण हे जिवाणू फार सावकाश वाढतात आणि त्यांना भरपूर हवा लागते. विजेचे बिल कमी करण्यासाठी रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे यंत्र, बंद ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि तिचा पहिला फटका याच जिवाणूंना बसतो. सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू थोड्या हवेत कसेबसे काम भागवतात, त्यामुळे बीओडी मर्यादेत येते, पाणी नितळ दिसते आणि अमोनिया मात्र तसाच पुढे जातो. २०१७ च्या अधिसूचनेतील मापांत सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी याचे माप), बीओडी, तरंगणारे कण आणि विष्ठाजन्य जिवाणू आहेत; अमोनिया नाही, नत्र (नायट्रोजन) नाही, स्फुरदही (फॉस्फरस) नाही. आपला अहवाल केवळ या चार मापांचा असेल, तर ज्याची तपासणीच झाली नाही त्याच्याविषयी तो काहीच सांगत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अलीकडच्या काही संमतिपत्रांत अमोनिया आणि एकूण नत्र यांच्याही मर्यादा असतात. आपल्या संस्थेचे संमतिपत्र काढून वाचावे आणि अहवालाशी ओळीला ओळ ताडून पाहावे.

अमोनियाचे विषारीपण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते, आणि आपल्या ओढ्यातील शेवाळाचा संबंध येथे येतो. पाण्यातील अमोनियाचा फार मोठा भाग एरवी अमोनियमच्या रूपात असतो आणि तो माशांना फारसा बाधत नाही. बाधतो तो मुक्त अमोनिया. पंचवीस अंश तापमानाच्या आणि ७ सामूच्या पाण्यात मुक्त अमोनिया एका टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ झाला की पस्तीस टक्क्यांच्या पुढे. शेवाळ दिवसभर पाण्यातील कर्बवायू शोषून घेत असते, त्यामुळे कडक उन्हाच्या दुपारी शेवाळलेल्या पाण्याचा सामू ९ पर्यंत सहज चढतो. आपल्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र आहे असे समजा. केंद्रातून बाहेर पडताना त्यातला मुक्त अमोनिया एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतका असेल. तेच पाणी ओढ्याच्या शेवाळलेल्या डोहात पोहोचले की दुपारी तीन वाजता साडेतीन मिलिग्रॅम होईल. मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुक्त अमोनियाची कमाल मर्यादा १.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. नमुना केंद्राच्या तोटीखाली घेतला, तर यातले काहीच दिसणार नाही.

मासे पहाटे मेलेले आढळले की दुपारनंतर, हे आपण लिहिलेले नाही. पुढच्या वेळी ते नक्की नोंदवावे, कारण त्यावरून कारण बरेचसे उलगडते. दुपारचे मरण बहुधा अमोनियाचे असते, तर पहाटेचे ऑक्सिजनच्या तुटीचे, कारण दिवसा ऑक्सिजन देणारे शेवाळ रात्री स्वतःच तो वापरत असते. त्यातच अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया ओढ्यात सुरू झाली, तर दर एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे साडेचार मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन खर्ची पडतो. तीस अंश तापमानाच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो. म्हणजे दोन मिलिग्रॅम अमोनियासुद्धा साचलेल्या डोहातील सगळा ऑक्सिजन संपवू शकतो.

दुसरी गोष्ट क्लोरीनची. पुनर्वापराच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन शिल्लक ठेवतात, आणि फ्लशसाठी व माणसांच्या संपर्कात येणाऱ्या बागेसाठी ते योग्यच आहे. ओढ्यातील जिवांना मात्र हे प्रमाण फार होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवसृष्टीसाठी क्लोरीनची जी मर्यादा सुचवली आहे, ती अल्पकाळासाठी लिटरमागे १९ मायक्रोग्रॅम आणि दीर्घकाळासाठी ११ मायक्रोग्रॅम आहे. आपला एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. मातीत मुरणाऱ्या पाण्यातील क्लोरीन झपाट्याने संपतो, म्हणून बागेत जिरलेल्या पाण्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती फवाऱ्याखालून फरशीवर आणि फरशीवरून थेट सिमेंटच्या गटारात धावणाऱ्या पाण्याची, कारण त्याला मातीचा स्पर्शही होत नाही आणि ओढा काही मिनिटांवर असतो. शिवाय पाण्यात अमोनिया उरलेला असला की क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन होतो. तो अधिक टिकाऊ असतो आणि माशांना तोही विषारीच आहे.

तिसरी गोष्ट स्फुरदाची, आणि शेवाळाचे मूळ तीत आहे. साध्या जैविक प्रक्रियेत स्फुरद फारसा निघत नाही. पाणी बाहेर पडते तेव्हा लिटरमागे काही मिलिग्रॅम स्फुरद त्यात असतो, तर वाहत्या ओढ्यात शेवाळ माजू नये यासाठी तो एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आत असावा असे सामान्यतः मानतात. शेवाळाच्या घडणीचे रासायनिक प्रमाण पाहता एका ग्रॅम स्फुरदातून सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ उभे राहू शकते. हे ध्यानात ठेवून आपल्याच संस्थेचा हिशेब मांडून पाहू.

पाचशे सदनिका, प्रत्येकी चार माणसे, माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी धरले, तर रोज दोन लाख सोळा हजार लिटर सांडपाणी केंद्रात येते. फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे नव्वद हजार लिटर लागतात. उरले एक लाख सव्वीस हजार. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज पाच लिटर पाणी पुरते, आणि आपली बाग एक एकर, म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर असली तरी तिला वीस हजार लिटर पुरे. म्हणजे रोज एक लाख लिटरच्या वर पाणी असे आहे की ज्याला जागाच नाही. पावसाळ्यात तर बागेलाही ते नको असते. माळी बागेला वाजवीपेक्षा किती तरी जास्त पाणी देतो आणि ते निथळून गटारात जाते, याचा दोष त्याच्यावर टाकू नये. टाकी भरून वाहू नये म्हणून कोणी तरी त्याला तसे करायला सांगितलेले असते. या एक लाख लिटरमध्ये लिटरमागे चार मिलिग्रॅम स्फुरद असेल, तर तो रोज चारशे ग्रॅम होतो, आणि त्यातून वाढू शकणारे कोरडे शेवाळ चाळीस किलो. सगळेच स्फुरद शेवाळात जात नाही हे खरे, तरी ओढा हिरवा का झाला ते यावरून कळते.

आता दोषाविषयी. ओढ्याला वरच्या अंगाने कोणाचे कच्चे मैलापाणीही मिळत असेल, तर सगळा भार एकट्या आपल्यावर टाकणे अन्यायाचे होईल. याचा निवाडा सोपा आहे. आपले गटार जेथे ओढ्याला मिळते, त्याच्या पन्नास-शंभर पावले वर एक आणि तितकेच खाली एक, असे दोन नमुने एकाच वेळी घ्यावेत आणि दोन्हींत अमोनिया, एकूण नत्र, स्फुरद, विरघळलेला ऑक्सिजन आणि शिल्लक क्लोरीन तपासावे. वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक हा आपला वाटा. शेजारच्या वस्तीतील दोन माणसांना नमुने घेताना सोबत घ्यावे. निकालावर त्यांचाही विश्वास बसेल आणि ओढ्याविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते आपल्यालाही कळेल.

उपायांपैकी सर्वांत आधी करण्याजोगा म्हणजे जादा पाण्याची वाट बदलणे. शिल्लक पाणी पावसाळी गटारात न सोडता महापालिकेच्या मैलापाण्याच्या वाहिनीला जोडण्याची परवानगी मागावी. पावसाळी गटार हे पावसासाठी असते, आणि शुद्ध केलेले असले तरी सांडपाणी ओढ्यात सोडण्यासाठी जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ अन्वये मंडळाची संमती लागते. जवळच्या बांधकामांना आणि रस्तेधुणीसाठी टँकरने पाणी देणे हा दुसरा मार्ग. बांधकामावर पिण्याचे किंवा बोअरचे पाणी वापरले जात असताना आपले पाणी गटारात जावे, हे मला खरोखर खटकते. ब्लोअर रात्रंदिवस चालू ठेवावा. त्याचा खर्च महिन्याच्या देखभाल वर्गणीत कितीसा पडतो, हे सभासदांपुढे आकड्यात मांडावे. स्फुरद काढण्यासाठी तुरटीची मात्रा देता येते. गाळ थोडा वाढतो, पण कोणत्याही केंद्रात ही सोय करता येते. बागेत फवाऱ्यांची तोंडे फरशीकडून आत वळवावीत, पाणी एकदम न देता थोड्या थोड्या वेळाने द्यावे, आणि ओढ्याच्या बाजूचा आठ-दहा फुटांचा पट्टा गवत व झुडपांसाठी तसाच सोडून त्याला फवाऱ्याचे पाणी देऊ नये. निथळून आलेले पाणी त्या पट्ट्यात जिरते. हिरवळीला युरिया घालणेही थांबवावे. या पाण्यात नत्र आधीच आहे, आणि वरून घातलेला युरिया पुढच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो.

प्रश्न : आमच्याकडचे ओढे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत पडतात. त्यापेक्षा शुद्ध केलेले पाणी वाहिले तर काय बिघडले? निदान ओढा जिवंत तरी दिसेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असे करता येते, आणि ते चांगल्या रीतीने केलेलेही आहे. टोकियो शहराला पाणी देण्यासाठी १६५३ मध्ये खणलेल्या तामागावा कालव्याचा खालचा भाग १९६५ नंतर कोरडा पडला होता. १९८६ मध्ये तेथील प्रशासनाने शुद्ध केलेले सांडपाणी सोडून तो पुन्हा वाहता केला. त्याच्या दोन वर्षे आधी शेजारच्या नोबिदोमे कालव्यातही तसेच केले होते. आज त्यांच्या काठाने झाडीतून पायवाटा आहेत आणि लोक तेथे रोज फिरायला जातात. मात्र हे पाणी साध्या जैविक प्रक्रियेवर थांबलेले नव्हते. ते वाळूतून गाळून सोडले गेले, आणि कोणत्या प्रवाहात किती पाणी सोडायचे हे आधी ठरवले गेले होते. जादा झालेले पाणी जेथे उतार सापडला तेथे सोडून देणे, ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे.

जवळचे उदाहरण बंगळुरूचे आहे. तेथील कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील शुद्ध केलेले सांडपाणी दुष्काळी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली, आणि काही आठवड्यांतच पहिल्या तलावांपैकी लक्ष्मीसागर तलावावर फेस दिसला. प्रकरण उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. योजना पुढे चालू राहिली आणि कोरड्या तलावांत पाणी आले, याचे तेथील अनेक शेतकऱ्यांना समाधान आहे; तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे जैविक प्रक्रियेच्याही पुढच्या, शुद्धीकरणाशिवाय हे पाणी भूजलापर्यंत जाऊ देऊ नये, असा आग्रह धरणारेही तेथलेच लोक आहेत. मला त्यांचा आग्रह रास्त वाटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दख्खनच्या पठारावरील ओढा उन्हाळ्यात आटणे हा त्याचा स्वभाव आहे. त्यातील बेडूक, खेकडे, कीटक आणि लहान मासे त्या कोरड्या महिन्यांशी जुळवून घेतच वाढलेले आहेत. बारमाही पोषक पाणी आले की त्यांची जागा जलपर्णी, डास आणि चिलापीसारखे कोठेही तगणारे मासे घेतात. म्हणून पाणी सोडायचेच असेल, तर अमोनिया आणि स्फुरद काढलेले, क्लोरीन नाहीसा केलेले, एखाद्या पाणथळ पट्ट्यातून मुरत येणारे, आणि ओढ्याच्या मानाने थोडे असावे. या अटी पाळणार नसाल, तर पाणी सोडू नये असेच मी सांगेन.

प्रश्न : शुद्ध केलेल्या पाण्यात औषधांचे आणि संप्रेरकांचे अंश राहतात असे वाचले. ओढ्यातील माशांवर त्यांचा परिणाम होतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : होतो, आणि तो फार थोड्या प्रमाणातही होतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी एका संपूर्ण तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक २००१ ते २००३ या काळात लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील अशा बेताने घातले गेले. एका मिलिग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याने तेथील एका लहान माशाच्या नरांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्या जातीची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगाला सापडणाऱ्या माशांतही असे बदल १९९० च्या दशकात नोंदले गेले होते. ओझोन किंवा सक्रिय कर्बाच्या थरातून पाणी नेल्यास हे अंश बरेच कमी होतात, परंतु गृहसंस्थेच्या केंद्राला तो खर्च झेपणारा नाही. घरात उरलेली औषधे संडासात किंवा मोरीत टाकू नयेत, इतके मात्र प्रत्येकाला करता येते.

प्रश्न : आमच्या शेतीला शहराकडून येणारे शुद्ध केलेले पाणी कालव्याने मिळते. ऊस जोमाने वाढतो, पण जमीन खारवते आहे असे वाटते आणि बांधाखालचा ओढा हिरवा झाला आहे.
— एक शेतकरी, दौंड तालुका

उत्तर : ऊस जोमाने वाढण्याचे आणि ओढा हिरवा होण्याचे कारण एकच आहे. या पाण्यात लिटरमागे वीस मिलिग्रॅम नत्र असेल, आणि आपण एका एकराला दोन इंचांची, म्हणजे साधारण दोन लाख लिटरची पाळी देत असाल, तर प्रत्येक पाळीबरोबर चार किलो नत्र शेतात येते. ते जवळपास नऊ किलो युरियाइतके झाले. हंगामात वीस पाळ्या झाल्या की ऐंशी किलो नत्र नुसत्या पाण्यातून आले. त्यावर पूर्वीचीच खताची मात्रा चालू ठेवली, तर पिकाला नको असलेले नत्र निचऱ्याच्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि विहिरीत जाणार. पाण्यातील नत्र आणि स्फुरद एकदा तपासून घ्यावे आणि खताच्या मात्रेतून तेवढे वजा करावे, पैसेही वाचतील. क्षारांसाठी पाण्याची विद्युतवाहकता पाहावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाच्या पाण्याला २२५० मायक्रोसिमेन्सची कमाल मर्यादा आहे, पण काळ्या भारी जमिनीत निचरा नसेल तर त्याहून बऱ्याच कमी आकड्यालाही जमीन खारवते. पाट पाण्याऐवजी ठिबक केल्यास शेतातून वाहून जाणारे पाणी जवळजवळ थांबते, मात्र या पाण्याने ठिबकच्या नळ्या लवकर चोंदतात, म्हणून वाळूची गाळणी बसवणे आवश्यक आहे.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील काही विद्यार्थी आमच्या भागातील ओढ्याची पाहणी करणार आहोत. मोठी प्रयोगशाळा हाताशी नाही. शुद्ध केलेले पाणी आणि कच्चे मैलापाणी कोठे मिळते हे ओळखता येईल का?
— विद्यार्थी गट, पिंपरी-चिंचवड

उत्तर : बरेचसे येईल. पाण्यातील क्षार मोजणारे पेनाएवढे टीडीएस मीटर स्वस्तात मिळते, तेथून सुरुवात करावी. घरातून एकदा वापरून बाहेर पडलेल्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा क्षार लिटरमागे साधारण दीडशे ते चारशे मिलिग्रॅमने वाढलेले असतात, आणि शुद्धीकरण केंद्रातून ते निघत नाहीत. ओढ्याच्या काठाने वरून खाली चालत दर पन्नास पावलांवर मीटर बुडवावे. आकडा जेथे एकदम उडी घेतो, तेथे आसपास वापरलेले पाणी मिळते आहे, मग ती जोडणी झुडपांत किंवा स्लॅबखाली का असेना.

ते पाणी शुद्ध केलेले आहे की कच्चे, हे टीडीएसवरून कळणार नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा अमोनियाचा संच आणि सामू मोजण्याच्या पट्ट्या वापराव्यात. संचाचा आकडा एकूण अमोनियाचा असतो, म्हणून त्याच वेळचा सामू शेजारी लिहावाच. अमोनिया भरपूर, वास अंड्यासारखा कुजका आणि दगडांवर करडी बुरशीसारखी झिलई असेल, तर ते कच्चे मैलापाणी. वास नाही, पाणी नितळ, दगडांवर लांब हिरवे तंतू आणि टीडीएस मात्र चढलेला, असे चित्र असेल तर बहुधा शुद्ध केलेले पाणी आहे. क्लोरीनसाठी पोहण्याच्या तलावावर वापरतात ते थेंबांचे संच चालतात, पण त्यांना फार थोडा क्लोरीन दिसत नाही. रंग आला नाही म्हणून ते पाणी माशांना सुरक्षित आहे, असे मात्र लिहू नये.

एक साधा प्रयोग मला विशेष आवडतो. कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रता आणणारी द्रव्ये असतात आणि ती जांभळ्या अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. औषधाच्या दुकानातील कापसाला बहुधा आधीच पांढरेपणा दिलेला असतो, म्हणून सरकीसकटचा देशी कापूस घ्यावा. त्याचा बोळा जाळीत बांधून ओढ्यात दोन-तीन दिवस ठेवावा, सावलीत वाळवावा आणि अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या दिव्याखाली धरावा. ओढ्यात न ठेवलेला तसाच दुसरा बोळा शेजारी ठेवून ताडून पाहावा. चमक दिसली की घरांचे सांडपाणी तेथपर्यंत पोहोचते हे नक्की.

काठावरचे दगड उलटून खालचे जीवही पाहावेत. चिखलात फक्त लाल अळ्या आणि डोकी खुपसून शेपट्या हलवणारे तांबडे किडे असतील, तर ऑक्सिजन फार कमी आहे. त्या अळ्यांच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या तेथे टिकतात. केवळ चिलापी किंवा गप्पी मासे दिसले म्हणून पाणी चांगले समजू नये. ते वाईट पाण्यातही तगतात. हातमोजे आणि गमबूट वापरावेत, आणि पाऊस सुरू असताना पात्रात उतरू नये.

पाहणी एकाच दिवशी करून थांबू नये. मे महिन्यातील एक दिवस निवडून त्याच जागी पहाटे सूर्योदयापूर्वी आणि पुन्हा दुपारी तीनच्या सुमारास मोजमाप घ्यावे, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या सुरुवातीच्या अर्ध्या तासाचा नमुना पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने घ्यावा, कारण बागांत आणि गटारांत महिनोन्महिने साठलेले क्षार व खत त्या अर्ध्या तासात धुऊन येते. निकाल माझ्याकडे पाठवताना प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ आणि पाण्याचे तापमान लिहावे. त्यांच्याशिवाय अमोनिया, सामू आणि ऑक्सिजन यांच्या आकड्यांवरून मला काहीच सांगता येणार नाही.